निसर्ग बघायला कोणता देश निवडावा आणि संस्कृती बघायला कोणता?

मला विचाराल तर ही वाटणी करूच नका. माझ्या मते बघण्यासारख्या जागा त्याच, जिथे लोकांनी काय बांधायचं, कसं जगायचं हे तिथल्या जमिनीनेच ठरवलंय.

तुर्कस्तानातलं कॅपाडोशिया घ्या. फोटोत नुसते बलून दिसतात पण खरी कमाल खाली दगडात आहे, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हा दगड इतका मऊ की साध्या हत्याराने कोरता येतो, म्हणून लोकांनी त्यात घरं कोरली, चर्च कोरली, आणि डेरिनकुयूला तर साधारण ८५ मीटर खोल अख्खं शहर, शत्रू आला की आत शिरायचं आणि जात्यासारखा मोठा गोल दगड लोटून वाट बंद करायची. कड्यांवर उंच छोटी भोकं दिसतात ती कबुतरांची घरं, त्यांची विष्ठा द्राक्षमळ्यांना खत म्हणून वापरायचे.

आइसलँडला थिंगवेट्लिरला पण तसंच, दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे दोन मोठे तुकडे, एकमेकांपासून दूर जातायत त्याने जमीन फाटलीय आणि त्याच कड्यांच्या आडोशाला इ.स. ९३० पासून उघड्यावर संसद भरायची.

पण एकच देश निवडायचा असेल तर मी पेरू म्हणेन, आणि तेही फक्त माचू पिचूसाठी नाही. कुस्को भागात अपुरिमाक नदीच्या खोल घळीवर केस्वाचाका नावाचा पूल आहे, पूर्ण गवताचा! बायका गवत वळून बारीक दोऱ्या करतात, पुरुष त्याचे जाड दोर विणतात, जुना पूल कापून खाली नदीत सोडून देतात आणि दोन्ही काठांवरची गावं मिळून नवा बांधतात. हे दरवर्षी, इंका साम्राज्याच्या काळापासून चालत आलेलं, २०१३ साली युनेस्कोच्या यादीत पण आलं. जवळच गाड्यांसाठी पक्का पूल आहे बरं का, तरी हे लोक दरवर्षी जमतात, आणि मला याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

हे काम जूनमध्ये असतं, तेव्हा तिकडे कोरडा सीझन असतो आणि २४ जूनला कुस्कोत इंती रायमी म्हणजे सूर्याचा उत्सव, त्यामुळे जमलं तर जूनच धरा. फक्त कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, त्यामुळे पोचल्या पोचल्या धावपळ करू नका, पहिले दोन दिवस निवांत ठेवा.