झाडाला ‘तान बसलाय’ म्हणजे ताण की तहान?

नेरुळच्या एका ताईंनी विचारलंय: सोसायटीतले माळीकाका म्हणाले, “कढीपत्त्याला तान बसलाय, पानी घाला.” ही तान म्हणजे तहान, की ‘स्ट्रेस’चं भाषांतर असलेला ताण?

बोलीत दोन्ही शब्दांचं ‘तान’ होतं, म्हणून हा घोटाळा. पण क्रियापद बघा. तहान स्त्रीलिंगी, ती ‘लागते’. काकांचा तान ‘बसलाय’, म्हणजे पुल्लिंगी ताणच. जो ‘पानी’ म्हणतो तो ‘तान’च म्हणणार.

भाषांतराची शंका मात्र सोडून द्या. संत्र्या-डाळिंबाचे बागायतदार बहार धरताना, म्हणजे झाडांना एकदम फुलं यावीत म्हणून, बागेचं पाणी तोडतात, त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. पुन्हा पाणी सोडलं की ‘ताण तोडला’. हा त्यांचा रोजचा शब्द आहे.

मला हा शब्द फार आवडतो, कारण झाडाच्या आत खरोखरच ताण असतो. ताण म्हणजे मुळात खेच, ओढ. पानांतून पाण्याची वाफ होते, तसं खालचं पाणी खोडातल्या बारीक नळ्यांतून दोरीसारखं ताणून वर ओढलं जातं. पान तोडलं की ती दोरी तुटते आणि देठातलं पाणी आत सरकतं. शोलँडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली हीच खेच मोजायची रीत मांडली. पान बंद डब्यात ठेवायचं, देठाचं टोक तेवढं रबरी बुचातून बाहेर, आणि आत हळूहळू वायूचा दाब वाढवायचा. देठाच्या कापावर पाणी चमकलं, की काट्यावर दिसतो तो दाब म्हणजे पानातला ताण. दमट रानात त्यांना तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 4-5 पट मिळाला, वाळवंटात 80 पटींपर्यंत.

आणि खारफुटीत? कायम 35 ते 60! समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी ओढून घ्यायलाच सुमारे 25 लागतात. ऐरोलीला खाडीकाठी भरतीच्या वेळी जाऊन बघा. तिवराचं, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाचं, खोड पाण्यात बुडालेलं असतं, तरी आत ताण असतोच. म्हणून ‘वॉटर स्ट्रेस’ मराठीत लिहायचा तर ‘तहान’ लिहून भागत नाही. ‘पाण्याचा ताण’च लिहा, ‘जलताण’ मला अवघडलेला वाटतो.

जाल तेव्हा तिवराच्या पानावरून बोट फिरवून ते जिभेला लावा. खारट लागेल. मुळांना चुकवून आत आलेलं मीठ झाडाने पानांवाटे बाहेर टाकलेलं असतं.