पंधराशे येतात, पण कधी? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी बार्शी तालुक्यातली. वय ३८, मिस्टर जाऊन चार वर्षं झाली, दोन मुलं, मोठी सातवीत आणि धाकटा चौथीत. संजय गांधी निराधारची पेन्शन १५०० मिळते, तीही कधी येईल सांगता येत नाही, दोन घरच्या पोळ्या करते त्याचे ३००० होतात. त्यातून भाडं १२००, लाईट बिल, आणि गटाच्या कर्जाचा हप्ता आठवड्याला ४५०. किराणा सगळा उधारीवर. महिना पंधरा तारखेलाच संपतो. शेजारची म्हणते लाडकी बहीणचा पण फॉर्म भर, कुणाला कळत नाही. भरू का? आणि पोळ्यांचं काम कळलं तर पेन्शन बंद होईल का? नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे.

उत्तर : ताई, आधी शेजारणीचं बघू. भरू नका. निराधारचे १५०० घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे १५०० मिळत नाहीत, हे त्या योजनेच्या नियमातच आहे, आणि दोन्हीकडे आधार एकच असल्यामुळे "कळत नाही" असं काही उरलेलं नाही. नंतर चौकशी लागली की चालू आहे ते पण अडकतं.

पोळ्यांचं म्हणाल तर निराधारला दोन वाटा आहेत, एक तर यादीत नाव पाहिजे नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. तुमचं नाव यादीत आहे म्हणजे तुम्ही पहिल्या वाटेनं आलात, तेव्हा पोळ्या लाटताना घाबरू नका. (२१ हजार म्हणजे महिन्याला १७५०, आणि तेही सगळ्या घराचे मिळून. हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांनी त्यात एक महिना काढून दाखवावा, असं मला दर वेळी वाटतं. असो.)

आता हिशोब. तुम्ही लिहिलंय पैसे पुरत नाहीत, आणि ते खरंच पुरण्यासारखे नाहीत, मी तुम्हाला काटकसर शिकवायला बसणार नाही कारण ४५०० मध्ये तीन माणसं चालवणारी बाई माझ्यापेक्षा हुशार असते. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला दिसलं की आकड्याइतकीच तारीख पण तुम्हाला मारतेय. भाडं एक तारखेला, हप्ता दर आठवड्याला, पोळ्यांचे पैसे पाच तारखेला, आणि पेन्शन कधी दहाला कधी पंचवीसला, कधी महिनाभर नाहीच आणि मग दोन-तीन महिन्यांची एकदम. मधली जी फट पडते तिथेच उधारी शिरते, आणि उधारीच्या दुकानात आपण भाव विचारत नाही ना, पिशवी उचलून घरी येतो.

म्हणून एकच गोष्ट सांगते. पुढच्या वेळी थकलेले महिने एकदम आले की त्यातले १५०० खात्यातच राहू द्या. मला माहितीय, एकदम ४५०० दिसले की घरात सण असल्यासारखं होतं, मुलीला चप्पल, पोराला दप्तर, दुकानदाराचं तोंड बंद. ते करा, पण एक हप्ता बाजूला ठेवाच. मग पुढच्या महिन्यापासून तुम्ही मागच्या महिन्याच्या पेन्शनवर जगाल आणि या महिन्याची कधी का येईना. एवढं एकदा जमलं की निम्मी उधारी आपोआप सुटते.

गटाचा हप्ता आठवड्याला ४५० म्हणजे महिन्याचे अठराशेच्या वर, अख्खी पेन्शन जाऊन वर पोळ्यांतले ३०० पण. हे कर्ज फिटत आलं की कर्ज देणारे लगेच मोठं द्यायला येतील, "तुमचं रेकॉर्ड चांगलंय ताई" म्हणत. नाही म्हणा. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे की अशा छोट्या कर्जांत घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तुमचे ४० टक्के आत्ताच झालेत. आणि वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नसतो, दारात उभं राहून अपमान करायचा नसतो, हे गटातल्या बाकीच्या बायांना पण सांगून ठेवा. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या गळ्यात येतो म्हणून आपल्याच बाया आपल्या दारात बसतात, ते सगळ्यात वाईट.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, बहुतेक कुणी सांगितलीच नसेल. बालसंगोपन योजना. वडील नसलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत महिन्याला २२५० रुपये, प्रत्येक मुलाला. तो पैसा मुलांच्या नावाचा, तुमच्या पेन्शनपेक्षा वेगळा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समिती देते. मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक आणि मुलांना घेऊन घरासमोर काढलेला फोटो, हो, तो पण लागतो. एजंट हजार-दोन हजार मागतील, देऊ नका, फॉर्म फुकट असतो. सोलापूरला दोन खेपा होतीलच, पण एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मात्र हे पैसे पेन्शनपेक्षाही उशिरा आणि सहा-सहा महिन्यांचे एकदम येतात, तेव्हा यांच्यावर भाडं किंवा हप्ता लावू नका. शाळा, वह्या, दवाखाना एवढंच.

रेशन : कार्ड प्राधान्य गटाचं असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे तुम्हाला १५ किलो फुकट. अंत्योदय असेल तर कार्डाला ३५ किलो. विधवा बाई कुटुंबप्रमुख असेल आणि कमाईचा भरवसा नसेल तर ती अंत्योदयमध्ये बसू शकते, तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज टाकून पोच घ्या. लगेच होईल असं नाही, पण अर्जच नसेल तर कधीच होणार नाही. आणि दारावर रेशनचा तांदूळ विकत घ्यायला येतात त्यांना देऊ नका, भाकरीची सवय असलेल्या घरात तांदूळ उरतो हे खरं, पण विकला तर कार्ड जाऊ शकतं. त्यापेक्षा ज्वारीत मिसळून दळून आणा, भाकरीत खपतो.

प्रश्न : लाडकी बहीणचे पैसे आले आणि बँकेनं मिनिमम बॅलन्स नाही म्हणून त्यातलेच कापले. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : साध्या बचत खात्यावर बँक तो चार्ज लावू शकते, म्हणून खातंच बदलून घ्या. प्रत्येक बँकेला झिरो बॅलन्सचं बेसिक बचत खातं द्यावंच लागतं, जनधन हे त्यातलंच. आहे तेच खातं त्यात बदलून द्या असा लेखी अर्ज करा, फक्त त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नको. काउंटरवर "असं होत नाही" म्हणाले तर तेच लिहून मागा, बऱ्याचदा तिथेच होऊन जातं.

प्रश्न : मी टॅक्स भरतो. तुम्ही या सदरात लोकांना फुकट खायची सवय लावताय असं वाटत नाही का?

उत्तर : नाही वाटत दादा. वरची ताई साबण आणते तेव्हा ती पण टॅक्स भरते. आणि फुकट म्हणजे किती ते पण बघा, गरीब म्हाताऱ्यांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा २००७ ला २०० रुपये होता, ऐंशीच्या आतल्यांना आज पण २००च आहे, बाकीची भर राज्य घालतं तेव्हा कुठे १५०० होतात. चहा किती महाग झाला तेवढ्यात?

प्रश्न : माझं वय ७१. श्रावणबाळचे पैसे चार महिने झाले आले नाहीत. तहसीलमध्ये म्हणतात पैसे पाठवले, बँकेत म्हणतात आले नाहीत. बोटाचे ठसे पण आता उठत नाहीत.

उत्तर : काका, बहुतेक दोघंही खरं बोलतायत. पैसे आता थेट आधारवर येतात, त्यालाच डीबीटी म्हणतात, आणि ते सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं असेल तिथे पडतात, पासबुक तुमच्याकडे कुठलंही असो. मधल्या काळात कुठे नवीन खातं उघडलं का आठवा, मोबाईलच्या दुकानात अंगठा दिला असेल, नातवानं ॲपवर उघडून दिलं असेल. बँकेत नुसतं "आधार लिंक आहे का" विचारू नका, ते हो म्हणतील. "डीबीटीसाठी माझं आधार कुठल्या बँकेला मॅप आहे" असं विचारा. दुसऱ्या बँकेचं नाव निघालं तर चार महिन्यांचे पैसे तिथे सुखरूप पडलेले असतील.

ठशांसाठी आधार केंद्रावर बायोमेट्रिक नव्यानं घ्यायला सांगा, जुन्या हातांचे बरेचदा डोळ्यावरून जमतं. आणि हयातीचा दाखला या वर्षी दिला होता का? तो दर वर्षी लागतो, तो राहिला तरी पैसे थांबतात. दाखला देताना शिक्का मारलेली पोच घ्या आणि तिचा फोटो नातवाच्या मोबाईलमध्ये ठेवायला सांगा, कागद हरवला तरी तो राहील.