आईची एफडी मोडून स्टुडिओ? आत्ता तरी नको

प्रश्न थोडक्यात असा: कळव्याचे वाचक, वय ३१, राज्य पातळीपर्यंत कबड्डी खेळले, गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, आता घोडबंदर रोडच्या एका जिममध्ये स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच. पगार ४५ हजार, बाहेरचे क्लायंट धरून ६५. नोकरी सोडून वागळे इस्टेटला गाळा घेऊन स्वतःचं सेंटर टाकायचंय. १४ लाख लागणार, ८ स्वतःच्या एफडीचे, अडीच पीएफचे, साडेतीन आईच्या एफडीतून.

बघा, ८ पोरं तुमच्यामागे जिम सोडायला तयार आहेत म्हणजे कोचिंगमध्ये दम आहे, त्यावर वादच नाही. पण हिशोब तुमच्याच आकड्यांवर करू. भाडं, लाइट, असिस्टंट मिळून महिन्याला ८५ हजार आणि फी ३,५००, म्हणजे २५ जण झाले की नुसता खर्च निघतो, घरी दमडी नाही. आत्ताएवढेच ६५ घरी न्यायचे तर ४३ जण हवेत. पक्के ८, "येतो" म्हणालेले १४, आणि त्यातले किती येतात हे तुम्हालाही माहितीय.

वर या धंद्याला सीझन आहे. शाळकरी पोरं मे महिन्यात तुडुंब, परीक्षा आल्या की आईबाप सगळ्यात आधी हीच फी बंद करतात. टीमचे खेळाडू ऑफ-सीझनला तुमचे, सीझन लागला की टीमच्या कोचचे. भाडं मात्र बाराही महिने.

रॅक, बारबेल, बंपर प्लेट विकून काहीतरी परत येईल, रबर फ्लोरिंग आणि वायरिंगचे पैसे गेले ते गेले. गाळा वरच्या मजल्यावर असेल तर विसराच, दीडशे किलोचा डेडलिफ्ट आपटला की खालचा गाळेवाला भांडायला वर येणार. एमआयडीसीचा असेल तर पोटभाड्याची परवानगी कागदावर बघा, लॉक-इन किती (म्हणजे किती महिने गाळा सोडता येणार नाही) तेही.

मला खरी काळजी तुमच्या गुडघ्याची वाटते. स्क्वॉटचा डेमो तुम्हीच देणार, परत दुखावला आणि दोन महिने घरी बसलात तर कमाई शून्य, भाडं चालूच. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्यासोबत जातो आणि नव्या पॉलिसीत जुन्या दुखण्याला ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणून नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी घ्या, ऑपरेशन अजिबात लपवू नका (क्लेमच्या वेळी नेमकं तेच बाहेर येतं). सोबत पर्सनल अ‍ॅक्सिडेंट, काम बंद पडलं तर दर आठवड्याला पैसे देणारं कव्हर त्यात आहे का ते विचारून.

पीएफला ४ वर्षंच झालीत, ५ च्या आत काढला तर टॅक्स लागतो, राहू द्या तिथेच. आईच्या एफडीच्या व्याजावर तिची औषधं चालतात हे तुम्हीच लिहिलंय, मग त्यावर मी वेगळं काय बोलू.

मी म्हणेन नोकरी ठेवा. वीकडेला सकाळी बऱ्याच टर्फवर (तासावर भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदानं) शुकशुकाट असतो, तिथे तासावर स्लॉट घ्या, दीड लाखात बार, प्लेट, केटलबेल, स्लेड घ्या, हवं तर सेकंडहँड. पण आधी जिमच्या करारात बाहेर कोचिंगला बंदी आहे का ते वाचा. वर्षभर चालवा, परीक्षेचे महिनेही त्यात येऊ द्या, २५ जण सलग फी भरताना दिसले की गाळा बघू.

मधल्या काळात सीएससीएस द्या, स्ट्रेंथ कोचच्या अमेरिकन सर्टिफिकेटची परीक्षा. ग्रॅज्युएट आहात, सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं) सर्टिफिकेट लागेल, सायन्स आणि प्रॅक्टिकल असे दोन भाग असतात. फी डॉलरमध्ये, तेवढी बाजूला काढा. टर्फवाला काय रेट सांगतो ते कळवा, मग पुढचं गणित मांडू.