मेक्सिकोतल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबला वर चढताच येत नसेल, तर त्याचा सामना बघण्यात काय अर्थ आहे?

अर्थ आहे. आणि वर चढता येत नाही यात क्लबचा काडीचाही दोष नाही, हे आधी लक्षात घ्या.

तुम्ही लिहिलंय की कामानिमित्त मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात आहात, ऑफिसातली मंडळी अतलेतिको मोरेलियाच्या सामन्याला चला म्हणून मागे लागली आहेत, आणि तुमच्या मते तेवढ्या वेळात घरी बसून युरोपातला एखादा सामना बघितलेला बरा. दुसऱ्या कुठल्या क्लबचं नाव असतं तर मी प्रश्न वाचून पुढे गेलो असतो. मोरेलियाचं नाव आलं म्हणून लिहितोय.

रेडिओ खगोलशास्त्राच्या पोस्ट-डॉकसाठी मी त्या मोरेलिया गावात राहिलो. नारायणगावजवळच्या दुर्बिणीवर काम केलेल्या माणसाला तिथे ओळख सांगावी लागत नाही, पण फुटबॉल माहीत नसेल तर मात्र संध्याकाळी बोलायला माणूस मिळत नाही. माझे घरमालक निवृत्त शाळामास्तर. क्लबला ते शेवटपर्यंत 'कानारियोस'च म्हणत, पिवळ्या शर्टावरून पडलेलं जुनं नाव. 'मोनार्कास' हे १९९९ मध्ये आलेलं नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही. डिसेंबर २००० मध्ये तोलुकाला पेनल्टींवर हरवून मोरेलिया पहिल्यांदा आणि एकदाच देशाचा विजेता झाला. ती हकिगत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली, की स्पॅनिश भूतकाळ मी त्यातच शिकलो. दुसरी हकिगत २०१७ च्या मे महिन्यातली. हंगामाचा शेवटचा दिवस, हरलो तर खालच्या श्रेणीत, सामना मोंतेर्रेयच्या घरच्या मैदानावर, आणि अगदी शेवटी पेरूच्या राउल रुइदियासचा गोल. मोरेलिया वाचला, चियापासचा संघ खाली गेला. हे सांगताना मास्तर खुर्चीतून उठून उभे राहायचे.

मग २०२० आलं. करोनामुळे मैदानं बंद. मे महिन्यात बातमी पसरली की क्लबचा मालक संघ उचलून मासात्लानला नेणार. मासात्लान म्हणजे तिकडे पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, सिनालोआ राज्यात. त्या भागाचा खरा खेळ बेसबॉल. पण राज्य सरकारने सरकारी पैशातून नवंकोरं फुटबॉल स्टेडियम बांधून ठेवलं होतं आणि त्यात खेळायला संघ नव्हता. इकडे मोरेलियात संघ होता, १९८९ पासूनचं पस्तीसेक हजारांचं एस्तादिओ मोरेलोस होतं, तीन पिढ्यांचे चाहते होते. जाणार कोण, तर संघ.

गर्दी करायला बंदी होती, म्हणून लोकांनी गाड्यांचा मोर्चा काढला. मास्तरांनी त्यांची जुनी त्सुरू गाडी बाहेर काढली, अँटेनाला पिवळा-लाल झेंडा बांधला आणि मला म्हणाले, "बस." मास्तरीणबाईंनी दोघांच्या हातात मास्क दिले आणि स्वतःही मागे येऊन बसल्या. स्टेडियमपासून गावाच्या मध्यापर्यंत गाड्याच गाड्या. टेम्पो, टॅक्सी, भाजीचे ट्रक, मोटरसायकली. सगळे हॉर्न वाजवताहेत. त्या गुलाबी दगडाच्या जुन्या इमारतींमध्ये तो आवाज असा घुमत होता की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गॅलऱ्यांमधून म्हाताऱ्या बायका पिवळे टॉवेल हलवत होत्या. मास्तर वाटेत चकार शब्द बोलले नाहीत, नुसता हॉर्न दाबत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "स्टेडियम काही त्यांना उचलून नेता येत नाही."

जूनच्या सुरुवातीला अधिकृत घोषणा झाली. संघ गेला. खेळाडू, करार, पहिल्या श्रेणीतली जागा, सगळं गेलं.

तेव्हा मेक्सिको सिटीत नोकरीला असलेल्या माझ्या एका पुण्याच्या मित्राशी याच विषयावरून माझं जे वाजलं, ते आजतागायत मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं, क्लब म्हणजे शेवटी एक परवाना. मालकाचा धंदा आहे, तो कुठेही नेईल. चाहत्यांनी एक तर मासात्लानला टाळ्या वाजवाव्यात, नाही तर टीव्हीवर दुसरा संघ निवडावा. आणि दुसऱ्या श्रेणीचं फुटबॉल तर त्याच्या मते वेळ घालवायचं साधन. तुमच्या प्रश्नात मला त्याचाच आवाज ऐकू आला. तो चुकतो असं माझं तेव्हाही ठाम मत होतं, आजही आहे. परवाना मालकाचा असेल. पण तोलुकाविरुद्धची ती रात्र मालकाने कोणाला विकली? ती मासात्लानच्या लोकांना देता येते का? देऊन बघा. त्यांनाही ती नकोच आहे, त्यांना त्यांचं स्वतःचं काहीतरी हवंय, आणि ते योग्यच आहे.

मोरेलियाने काय केलं? त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या श्रेणीत जागा मिळवली, तेच पिवळे-लाल रंग घेतले, अतलेतिको मोरेलिया नावाने त्याच स्टेडियमात खेळायला सुरुवात केली. सुरुवातीला रिकाम्या खुर्च्यांसमोर. आणि २०२२ च्या क्लाउसुरात, म्हणजे हंगामाच्या दुसऱ्या स्पर्धेत, ते त्या श्रेणीचे विजेते झाले. मी तोवर पुण्याला परतलो होतो. मास्तरांचा आवाजी संदेश आला, त्यात शब्द थोडे आणि हॉर्न जास्त. मित्राला पाठवला. उत्तर आलं, "पण वर कुठे गेले?"

तर आता त्या 'वर'बद्दल. २०२० च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या मोठ्या क्लबांनी आणि महासंघाने मिळून बढती आणि घसरण दोन्ही बंद केलं, २०२६ पर्यंत. कारण काय सांगितलं, तर दुसऱ्या श्रेणीचे क्लब आर्थिकदृष्ट्या कमजोर आहेत, त्यांना आधी सावरू द्या. तळाला राहणाऱ्या मोठ्या संघांनी खाली जाण्याऐवजी दंड भरायचा आणि त्या पैशातून खालच्यांना मदत करायची. म्हणजे वाईट खेळा, पैसे भरा, जागा राखा. त्याआधीही दार किलकिलंच होतं. २०१८ मध्ये तापाचुलाच्या काफेतालेरोसनी मैदानावर बढती कमावली, पण स्टेडियम वगैरे अटींत बसत नाहीत म्हणून त्यांना वर घेतलंच नाही, हातावर बारा कोटी पेसो ठेवले. मैदानावर खेळून वर गेलेला शेवटचा संघ सान लुइस, २०१९ चा. ज्यांनी दार लावून घेतलं त्यांना जाब विचारायचा सोडून, बाहेर उभे असलेल्यांना "तुमच्या खेळाला अर्थ काय" असं विचारायचं? हे मला पटत नाही. वर्षाला दोन स्पर्धा होतात, दोन्हींत बाद फेरी असते, चषक असतो. पोरं तिथूनच मोठ्या संघांच्या नजरेत येतात. अजून काय हवं?

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मित्र म्हणेल सोयीचं तेवढंच लिहिलं. मोरेलियाला जी जागा मिळाली ती आकाशातून पडली नाही. ती साकातेपेकची होती. साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेलं ते छोटं गाव, आणि त्यांचा क्लब पन्नासच्या दशकात दोनदा देशाचा विजेता झालेला. २०२० मध्ये त्यांचं मैदान ओस पडलं. आणि साकातेपेकला तरी ती जागा कुठून आली होती? २०१७ मध्ये तेपिकच्या कोरासकडून. मोरेलियावर अन्याय झाला म्हणताना साकातेपेकचं नावही घ्यायला हवं. मास्तरांनी ते घेतलं होतं. ऊस पिकवणाऱ्या गावाचा घास आपण घेतला, असं ते म्हणाले आणि तरीही पहिल्या दिवसापासून नव्या संघामागे उभे राहिले. मला त्यात विसंगती वाटत नाही. जागांची ही खरेदी-विक्री महासंघाने कायमची बंद करावी एवढंच माझं मत आहे, आणि बढती सुरू असती तर मोरेलियाला कोणाचा घास घ्यायची गरजच पडली नसती. खालून सुरू करून खेळत वर आले असते.

खेळाचा दर्जा म्हणाल तर युरोपशी तुलना करू नका. पास चुकतात, वेग कमी असतो, काही सामने खरंच कंटाळवाणे होतात.

तरी जा. केरेतारोहून बसने तीनेक तास धरा. सामने बऱ्याचदा आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी असतात, म्हणून रात्री मोरेलियातच राहायची सोय बघा. दुपारी आधी गावात गास्पाचो खा. आंबा, अननस, हिकामा नावाचा कुरकुरीत कंद बारीक चिरून त्यावर संत्र्याचा रस, तिखट आणि किसलेलं चीज, आपल्या जिभेला एका घासात पटतं. गाव एकोणीसशे मीटरवर आहे, सूर्य मावळला की गारठा पडतो, जॅकेट न्या. आणि ऑफिसातल्या मंडळींसमोर मासात्लानचा विषय तुम्ही स्वतःहून काढू नका, ते काढतील. त्यांनी काढला की ऐकून घ्या. मग वाटलं तर मला येऊन सांगा की त्या सामन्याला अर्थ नव्हता.