शेअर्ड फोल्डर उघडला की व्हीएम कोसळते? आधी एवढं बघ

घाबरू नकोस, आणि व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तुझ्या संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) लगेच लिनक्स नव्याने टाकायलाही बसू नकोस. कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं का? मग पहिला संशय कर्नलवर (लिनक्सचा गाभा). व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) फोल्डर शेअर करायचं काम गेस्ट ॲडिशन्समधलं (व्हीएमच्या आत बसवायचं जोड-सॉफ्टवेअर) 'व्हीबॉक्सएसएफ' मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) करतं, आणि ते चालू कर्नलसाठीच बांधलेलं असावं लागतं. कर्नल पुढे गेला, मॉड्यूल मागे राहिलं, की बोंब.

- आधी व्हीएम बंद करून स्नॅपशॉट घे (आत्ताच्या स्थितीची नोंद, बिघडलं तर परत येता येतं).
- ॲडिशन्सची आवृत्ती होस्टवरच्या (तुझ्या खऱ्या संगणकावरच्या) व्हर्च्युअलबॉक्सशी जुळते का बघ.
- चालू कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायली) टाकून ॲडिशन्स पुन्हा बसव, मग रीबूट.

नुसतं 'परमिशन डिनाइड' येत असेल तर तो क्रॅश नव्हेच. युजरला 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये घाल आणि लॉगआउट करून परत ये. (हे लॉगआउट मीही विसरलो होतो, अख्खी संध्याकाळ गेली.)

नवखे हमखास डेटाबेसच्या फायली शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतात. नको. त्या व्हीएमच्या डिस्कवरच राहू देत, फोल्डर फक्त ने-आण करायला.

तरीही कोसळली तर 'जर्नलसीटीएल'ने (लिनक्सच्या नोंदी दाखवणारी कमांड) मागच्या बूटचा कर्नल लॉग काढ आणि शेवटच्या वीसेक ओळी मला दाखव. माउंटचे (फोल्डर व्हीएममध्ये जोडण्याचे) बारीक पर्याय त्यानंतर बघू.