इस्तंबूलचा फूड वॉक घ्यावा का, आणि कुठला?

एमिनोन्यूचा, म्हणजे इस्तंबूलच्या जुन्या धक्क्याजवळच्या बाजारभागाचा, फूड वॉक (गाइडसोबत चालत, खात फिरणं) पैसे मोजून घ्यावा की आपलं आपण फिरावं, आणि आई शाकाहारी असताना त्याचा उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: घ्या, आणि चार दिवसांतल्या पहिल्याच सकाळी घ्या. बरेच जण तो शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात. मग कुठे काय खायचं हे कळेपर्यंत विमानतळावर निघायची वेळ होते.

पैसे भरण्याआधी मार्ग विचारून घ्या. मसाल्यांच्या बाजारातच तासभर घालवणारा वॉक मी घेणार नाही. इमारत बघायलाच हवी. १६६०च्या दशकात ती येनी जामी मशिदीच्या परिसराचा भाग म्हणून उभी राहिली. गाळ्यांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च भागायचा, आणि इजिप्तमार्गे आलेला माल गोल्डन हॉर्न या खाडीच्या धक्क्यावर उतरायचा. धक्का, बाजार आणि मशीद यांचं हे नातं चांगला गाइड तिथेच उभं राहून दाखवतो, आणि मग आजूबाजूच्या गल्ल्या का अशा आहेत ते आपोआप कळतं. पण आतले बरेचसे गाळे आता पर्यटकांवर चालतात. खाण्याची खरी मजा बाहेर, हासिर्जिलार रस्त्यावर आणि तहताकालेच्या गल्ल्यांत आहे: चीज, ऑलिव्ह, दोऱ्यात ओवून वाळवलेल्या पोकळ वांग्यांच्या माळा (भिजवून त्यात सारण भरतात).

बाजाराच्या कोपऱ्यावरच कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी हे १८७१पासूनचं कॉफीचं दुकान आहे. त्याआधी लोक कच्च्या बिया घरी नेऊन भाजत आणि कुटत. यांनी भाजून दळलेली कॉफी विकायला सुरुवात केली. खिडकीसमोर रांग असते, पण ती भराभर सरकते. आतल्या माणसांचे हात बघत राहावेत: कॉफी भरली, तपकिरी कागदाला घड्या घातल्या, पुडी पुढे. पिठासारखी बारीक दळलेली असते आणि पुडी हातात घेतली तरी कोमट लागते.

आता तुमच्या आईंबद्दल. बुकिंग करतानाच ‘शाकाहारी’ एवढंच न लिहिता मांस उकळलेलं पाणीसुद्धा चालत नाही, असं लिहा. मसुराच्या सूपमध्ये आणि पिलावात ते बऱ्याचदा असतं. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या थंड वाढल्या तर सहसा फक्त भाताच्या असतात, गरम आल्या तर खिम्याच्या. झेतिनयाली, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, हा त्यांच्यासाठी सर्वात भरवशाचा प्रकार. शिवाय सिमित (तीळ लावलेला गोल पाव), चीजचं बोरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ), कायमाक (घट्ट साय) आणि मध. मीडिये दोल्मा मात्र टाळा, दिसतो मसालेभात पण तो शिंपल्यात भरलेला असतो.

तुम्ही मासे खात असाल तर धक्क्यावरचा बालिक एकमेक, म्हणजे पावातला भाजलेला मासा, खा; पण तो समोरच्या पाण्यातलाच असेल असं धरून चालू नका, बऱ्याचदा तो नॉर्वेहून गोठवून आलेला असतो. काटे बघून खा. सोबत लोणच्याचं गुलाबी आंबट पाणी मिळतं, ते आईंनाही चालेल. बॉस्फरस सामुद्रधुनीतला ताजा ल्युफेर मासा हवा असेल तर शरद ऋतूत जा.

निवड करायची झाली तर फेरीबोटीने पलीकडच्या आशियाई किनाऱ्यावरच्या कादिक्योयला जाणारा वॉक घ्या. वीसेक मिनिटांचा प्रवास आहे, बोटीवर चहा मिळतो, बसायला मिळतं, आणि वयस्कर माणसांच्या गुडघ्यांना त्याची फार गरज असते, कारण एमिनोन्यूच्या गल्ल्या चढाच्या आणि दगडी आहेत. पलीकडचा बाजार रोजच्या गिऱ्हाइकांचा आहे, त्यामुळे तिथे चव बघायला थांबलं तरी कुणी मागे लागत नाही.

गट आठ-दहा जणांपेक्षा मोठा नको. अरुंद दुकानात मागच्यांना काही ऐकू येत नाही. गाइडकडे परवान्याचं ओळखपत्र आहे का तेही बघा. तुर्कस्तानात परवान्याशिवाय गाइडचं काम करता येत नाही. आणि रविवार टाळा: मसाल्यांचा बाजार उघडा असतो, पण तहताकालेची बरीच दुकानं बंद असतात. रमजानमध्ये जाणार असाल तर दिवसाचा मार्ग बदलतो का ते आधीच विचारा. आणि कधीही गेलात तरी वॉकच्या सकाळी हॉटेलचा नाश्ता करू नका.