स्पर्शिका, टॅन थीटा आणि गोफण: शब्द एकच आहे का?

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलगी दहावीला आहे, वर्तुळाच्या प्रकरणात टॅन्जंट म्हणजे स्पर्शिका, त्रिकोणमितीत टॅन्जंट म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची बाजू, आणि इंग्रजीत कुणी विषय सोडून बोलायला लागलं की तिथंही टॅन्जंटच, मग शब्द तीन का एक? एकच आहे ओ. मी सोलापुरात वीसेक वर्षं दहावीचे क्लास घेतोय, पोरं टॅनचा तक्ता धडाधड म्हणून दाखवतात पण त्याला टॅन्जंट का म्हणतात ते कुणी दाखवलेलंच नसतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण काम एका आकृतीचं आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ स्पर्श करणे. आता वहीवर ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढायला सांगा, केंद्र ओ, उजव्या टोकाला बिंदू ए, आणि ए मधून सरळ वर जाणारी स्पर्शिका. मग ओ पासून ४५ अंशात एक रेघ मारायची, ती स्पर्शिकेला जिथं भेटेल तो टी. ए ते टी मोजलं तर बरोबर ५ सेंमी येतं, म्हणजे त्रिज्येच्या १ पट, आणि टॅन ४५ पण १ च. ६० अंश घेतला तर साधारण ८.७ सेंमी. म्हणजे टॅन हा त्या स्पर्शिकेच्या तुकड्याचीच लांबी आहे, त्रिज्येच्या पटीत मोजलेली, आणि ए पाशी काटकोन का तर त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते हे तिनं तिसऱ्या प्रकरणात शिकलंयच. ८९ अंशाला हाच तुकडा २८६ सेंमी होतो, वही सोडा, भिंतीवर काढावा लागेल, आणि ९० ला रेघ स्पर्शिकेला समांतर होते, भेटतच नाही, म्हणून टॅन ९० ची किंमत नसते. हे एकदा डोळ्यानं बघितलं की पाठ करायची गरज नाही. ओ पासून टी पर्यंतची जी रेघ वर्तुळाला कापून जाते ती सीकेंट, कापणारी. ही दोन्ही नावं डेन्मार्कच्या थॉमस फिंके या गणितज्ञानं १५८३ च्या पुस्तकात दिली.

पण गुणोत्तर त्याच्या कितीतरी आधीचं, अरबी गणितज्ञ त्याला सावलीच म्हणायचे. आपल्या पंचांगात पलभा असते ना, १२ अंगुळं उंच शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, विषुवदिनी भर दुपारी पडणारी सावली, ती म्हणजे १२ गुणिले गावाच्या अक्षांशाचा टॅन. सोलापूर साधारण १७.७ अंशावर, म्हणजे २३ सप्टेंबरच्या आसपास मीटरभर काठी गच्चीवर उभी करा, भर दुपारी सूर्य सगळ्यात उंच आला की सावली ३२ सेंमीच्या जवळपास मिळेल, मी पोरांकडून दर वर्षी करून घेतो.

आता विषय सोडून बोलण्याचं. मंगळवेढ्याकडं ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण फिरवतात ती मुलीनं बघितली असेल. लहानपणी मला मामानं शिकवलेलं, दगड समोर आल्यावर दोरी सोडायची नाही, बाजूला असतानाच सोडायची, तेव्हा तो समोर जातो. का, तर सुटल्या क्षणी दगड गोल फिरत नाही आणि दोरीच्या दिशेनं बाहेरही जात नाही, त्या बिंदूपाशी जी स्पर्शिका तिच्यावरनं सरळ सुटतो. बोलणाऱ्याचं तसंच, विषयाला शेवटचं जिथं टेकला तिथनंच निघतो आणि सरळ लांब जातो. म्हणून मराठीत त्याला नुसतं भरकटणं म्हटलं तर ती स्पर्शाची जागा हरवते, विषयांतर त्यातल्या त्यात जवळचं.

आपल्याकडं सूत पिळायच्या टीएफओ मशीनवर एकच लांब सपाट पट्टा सगळ्या चात्यांना नुसता टेकून फिरवत जातो, त्याला टॅन्जन्शियल बेल्ट म्हणतात, तिथंही तोच स्पर्श. रेल्वेतही सरळ रुळाला टॅन्जंट ट्रॅक म्हणतात.

एक मात्र तिला आत्ताच सांगून ठेवा, एकाच बिंदूत भेटते ती स्पर्शिका ही व्याख्या वर्तुळापुरती. बारावीत एक्सच्या घनाचा वक्र येईल, त्याची (१, १) मधली स्पर्शिका पुढं जाऊन (-२, -८) ला त्याच वक्राला परत भेटते, आणि शून्यापाशी तर स्पर्शिका वक्राला आरपार ओलांडते. तिथं स्पर्शिका म्हणजे त्या बिंदूपाशी वक्राची जी दिशा असते तीच रेघ, म्हणजे आपल्या गोफणीचा दगड जसा सुटला असता तशी.